रेघेखालची जागा

१

मी अक्षरांमधली जागा जुळवते. पोटापाण्याचं काम आहे ते. कुणी विचारलं की सांगायला जड जातं, कारण समोरच्याला वाटतं, जागेत काय जुळवायचं? पण ‘ग’चा काना खांबासारखा ताठ, ‘र’ची तंगडी तिरकी, ‘द’ला खाली शेपूट. सगळ्यांना एकाच मापानं शेजारी बसवलं तर कुठे चेंगराचेंगरी होते, कुठे भगदाड पडतं. म्हणून प्रत्येक जोडीचं अंतर वेगळं ठरवावं लागतं. त्याला कर्निंग म्हणतात. मी त्यासाठी पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. तो फॉन्टमधलं एकेक ग्लिफ, म्हणजे अक्षराचा एकेक आकार, उघडतो, त्याच्या कडा तपासतो, जोड्यांचं कोष्टक तयार करतो आणि शेवटी सगळं बांधून फॉन्टची फाइल देतो. मग मी डोळे फाडून ती बघत बसते. दादा मला लहानपणापासून मुंगी म्हणतो, ते उगाच नाही.

दादा पाट्या रंगवायचा. दुकानं, शाळा, सलून, वकिलांची दारं. त्याच्या अक्षराला पोट होतं, कंबर होती, चालताना जरा मान तिरकी करायची लकब होती. मग त्याचे स्नायू एकेक करून संपावर गेले. आधी बोटं, मग हात, पाय, शेवटी जीभ. डोळे तेवढे कामावर हजर राहिले. आता तो बाहेरच्या खोलीत पलंगावर असतो, श्वासाचं यंत्र उशाशी. पापणी एकदा मिटली की ‘हो’, दोनदा मिटली की ‘नाही’. पलंगासमोर पडदा लावलाय, त्याच्यावरचा कॅमेरा दादाची नजर पकडतो. ज्या अक्षरावर नजर ठरेल ते अक्षर पडद्यावर उमटतं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं लिहिलं होतं, ‘हे अक्षर नापासांच्या यादीसारखं दिसतं. माझं अक्षर दे.’

डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की पापण्याही थकतील. कधी, ते सांगता येत नाही.

म्हणून मी हातातली सगळी कामं बाजूला टाकली. शहरभर फिरून दादाच्या उरलेल्या पाट्यांचे फोटो काढले, त्यांवरून एकेक अक्षर गिरवलं, आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल टाकून फॉन्ट बांधायला बसले. दादा तिथून माझ्याकडे बघायचा. चुकलं की दोनदा पापणी.

२

चाचणीसाठी मी दादाला रोज लागणारी वाक्यं घेतली होती. पाणी हवं. उशी सरळ कर. दिवा मालव.

पहिल्यांदा फॉन्ट बांधला आणि वाक्यं पडद्यावर आणली, तेव्हा ‘उशी’ खटकली. ‘उ’ आणि ‘शी’ यांच्यात फट होती. फट पडते, त्यात नवल नाही. पण आपल्या लिपीत प्रत्येक अक्षर डोक्यावरच्या रेघेचा आपापला तुकडा घेऊन येतं, आणि तुकडे एकमेकांना चिकटून सलग रेघ होते. फट पडली की रेघही तुटते, तुटायलाच हवी. इथे रेघ तुटली नव्हती. ‘उ’वरून निघाली होती, मोकळ्या जागेवरून तशीच पुढे गेली होती आणि ‘शी’ला मिळाली होती. रेघ होती आणि रेघेखाली काही नव्हतं. दोरीवर कपडे वाळत घातलेत आणि मधला एकच कुणी काढून नेलाय, तसं.

मी प्रोग्रामला फॉन्टमधली सगळी ग्लिफं मोजायला लावली. एक जास्त भरलं. त्याला नाव नव्हतं. आकार नव्हता, आकार ज्या बिंदूंनी बनतो, त्यांतला एकही नव्हता. फक्त रुंदी होती. मग रेघ कुठून येत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्यात चुकीला बग म्हणतात, म्हणजे किडा. किडा आहे म्हणजे कुठेतरी बीळ असणार. मी ते ग्लिफ काढून टाकलं, फॉन्ट पुन्हा बांधला. ‘उशी’ नीट झाली. जेवून आले, दुसरी एक दुरुस्ती करून परत बांधला, आणि ते परत आलं. रुंदी किंचित वाढली होती. आणि आता जोड्यांच्या कोष्टकात प्रत्येक अक्षरासमोर त्याच्यासाठी एक आकडा होता. मी न लिहिलेला. अर्थ सरळ होता. ‘क’नं त्याच्यासाठी थोडं सरकायचं, ‘ख’नं थोडं सरकायचं, ‘ग’नंही.

मी नवीन फोल्डरमध्ये सगळं पहिल्यापासून मांडलं. प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. बीळ सापडलं नाही.

मान वर केली तर दादा माझ्याकडे बघत नव्हता. पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला बघत होता. तिथे वहिनीची खुर्ची असते. वहिनी स्वयंपाकघरात होती.

३

तरीही मी फॉन्ट दादाच्या पडद्यावर चढवला. पापण्या कधी थकतील याचा भरवसा नव्हता. एका फटीसाठी कुठे थांबायचं?

त्यानं पहिलं वाक्य लिहिलं, ‘मॅनेजर, तुझे केस सुटलेत.’

वहिनीला तो लग्नापासून मॅनेजर म्हणतो. तिनं ते मोठ्यानं वाचलं, केसांना हात लावला आणि मटकन पलंगावर बसली. "अगं, हा बोलला," ती मला म्हणाली. "मुंगे, हा त्याच्या आवाजात बोलला गं!" मग हसता हसता रडली. दादाच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं, ते तिनं पदरानं टिपलं आणि म्हणाली, "रडतोस काय, लिही अजून. किती महिन्यांची भांडणं थकलीत आपली."

त्या दिवसापासून तिला सवयच लागली. दादा लिहायचा आणि ती खोलीभर ऐकू जाईल असं वाचायची, मध्येच उत्तर द्यायची, त्याच्यावर खेकसायची. घरात पुन्हा दोन माणसांचा आवाज आला. आणि प्रत्येक वाक्यात कुठे ना कुठे ती जागा होती, डोक्यावर अखंड रेघ घेऊन.

"वहिनी, ही फट दिसते ना तुला?"

"दिसते की. बघ जमेल तेव्हा. मला तर वाचता येतंय सगळं."

खुर्ची जागेवर नव्हती, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. ती खिडकीपासून निघून पलंगाच्या पायथ्याशी आली होती.

"खुर्ची का हलवलीस?"

"कुठे हलवली? तिथेच तर असते." वहिनीनं औषधाची बाटली उचलली आणि खिडकीतल्या फळीवर ठेवायला निघाली. सरळ गेली असती तर चार पावलं होती. ती वळसा घालून गेली. मधल्या रिकाम्या फरशीला बगल देऊन, अंग चोरून, गर्दीत कुणाला धक्का लागू नये म्हणून आपण जातो तशी.

जाग्रणं झाली की माणसाला नको ते दिसतं, अशी मनाची समजूत घातली. मग मी फळीवरचा चष्मा आणायला उठले आणि चष्मा घेऊन परत बसले तेव्हा लक्षात आलं, मीही वळसा घालूनच गेले होते.

४

माझ्या ऑफिसात एकजण आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण शिकवल्याशिवाय त्याला काही सांगताच येत नाही. फॉन्टच्या पोटातलं त्याला माझ्याहून जास्त कळतं. मी त्याला फाइल पाठवली आणि लिहिलं, किडा शोधून दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मी प्रवचनाच्या तयारीनं बसले होते.

"काढून टाकली मी फाइल," तो म्हणाला.

"सापडलं काही?"

"नाही. माझ्या मशीनवरून काढली, मेलमधूनही काढली. तू परत पाठवू नकोस."

"मास्तर, अरे झालं काय? नीट सांग ना."

"काल संध्याकाळी बायको घरी आली," तो म्हणाला, "आणि मला विचारते, टेबल भिंतीला लावून असं कोपऱ्यात का बसलायस? मी कोपऱ्यात बसलो होतो. टेबल मीच ओढलं असणार, फरशीवर ओरखडे आहेत. मला आठवत नाही." मग घाईघाईनं म्हणाला, "तुझ्या भावाला साधा फॉन्ट लाव. कुठलाही लाव. ऐक माझं."

"त्याचा आवाज आहे तो."

"मला कळतंय," तो म्हणाला. "पण मी माझ्याकडून सांगितलं." आणि फोन ठेवला.

५

त्यानंतर दादा सकाळी पलंगाच्या कडेला सापडायला लागला.

जो माणूस बोट हलवू शकत नाही, तो सरकेल कसा? पण आम्ही उठून बघायचो तर तो भिंतीकडच्या कडेला आलेला असायचा, खांदा गादीबाहेर, यंत्राची नळी ताणलेली. खिडकीकडची अर्धी गादी मोकळी, आणि तिथली चादर दाबलेली. वहिनीला वाटायचं आपणच त्याची कूस बदलताना नीट ठेवलं नाही. मला वाटायचं वहिनी दमलीय. आम्ही दोघी त्याला धरून मध्ये आणायचो. मध्ये आणताना दादाच्या पापण्या सारख्या फडफडायच्या. दोनदा. दोनदा.

पडद्यावरही तेच चाललं होतं. मी काहीही न करता ती जागा रुंदावत होती. दादानं वाक्य लिहिलं की शेवटची अक्षरं पडद्याच्या कडेबाहेर ढकलली जायची आणि वहिनी वाचता वाचता अडखळायची. "पुढे काय? अरे, पुढे काय लिहिलंस?"

एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी दादाच्या उशाशी जाऊन उभी राहिले आणि विचारायचं ते विचारून टाकलं.

"ती जागा तू सोडतोस का?"

दोनदा पापणी. नाही.

"मग मी चुकलेय कुठे?"

नाही.

"दादा, तिथे कुणी आहे?"

त्याची पापणी मिटलीच नाही. नजर पडद्याकडे गेली आणि एकेक अक्षर शोधू लागली. ‘स’. मग ‘र’. मी वाट बघत होते. शेवटी ‘क’ आला.

सरक.

मला कळलं नाही. मी खाली बघितलं. मी पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला उभी होते. आम्ही दोघी जिथून वळसा घालायचो, नेमकी तिथे. ऊन माझ्या डाव्या हातावर पडलं होतं, आणि उजव्या हाताला, खांद्यापासून कोपरापर्यंत, कुणीतरी खेटून उभं असावं तसा ओलसर गारवा लागत होता. दादाची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या कानाशेजारी होती.

मी सरकले.

६

मी घाबरले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. आमच्या घरात दादाला आधीच जागा उरली नव्हती. एक गादी आणि एक पडदा. त्यातही कुणी वाटा मागत असेल, तर मलाही जागा कमी करायची विद्या येत होती. माझं कामच ते.

काढून टाकलं की ते परत येत होतं. ठीक आहे, काढायचं नाही. मी कोष्टक उघडलं आणि त्याच्यासमोरचे सगळे आकडे उणे केले. जेवढी त्याची रुंदी, तेवढं प्रत्येक अक्षर आत सरकवायचं. दोन्ही बाजूंनी दाबायचं. फॉन्ट बांधून दादाच्या पडद्यावर चढवला. सकाळपासून तिथे असलेलं वाक्य हळूच जवळ आलं, रेघ मिटली, फट बंद झाली. पाटीवरच्यासारखी सुबक ओळ. मी आनंदानं टाळी वाजवली.

तेवढ्यात यंत्र ओरडायला लागलं.

वहिनी भाजी चिरता चिरता धावत आली. दादाचं तोंड निळं पडत होतं. छाती वर येत नव्हती. यंत्र हवा ढकलत होतं आणि हवा आत जात नव्हती, जशी काही दोन भिंतींच्या मध्ये छाती चेपून धरली होती. वहिनीनं नळी तपासली, मान वर केली, पाठ चोळली. "अगं बघत काय बसलीस! फोन कर! कुणाला तरी बोलाव!"

मी फोन केला नाही. मी टेबलाकडे धावले, घाईत तीनदा चुकीचं बटण दाबलं, आणि जुना फॉन्ट परत चढवला. पडद्यावर फट उघडली. दादाच्या छातीत खरखरत हवा शिरली.

वहिनीनं ते पाहिलं. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती काही खुळी नाही. "तू काय केलंस?" तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. मास्तरचं, खुर्चीचं, सरकण्याचं. वाटलं, ती मला वेड्यात काढेल. ती ओल्या हातानं पलंगाची कड घट्ट धरून ऐकत राहिली.

"हा फॉन्ट काढून टाक."

मी काही करायच्या आत दादानं डोळे घट्ट मिटले. दोनदा. पुन्हा दोनदा. मग लिहायला लागला, आणि त्याला त्या एका ओळीला इतका वेळ लागला की आम्हाला कळलं, पापण्या थकायला लागल्यात. ‘काढला तरी जाणार नाही. मला गप्प मरू देऊ नका.’

वहिनीनं हे मोठ्यानं वाचलं नाही. तिनं डोळे पुसले, खिडकीच्या बाजूला तोंड केलं, आणि भाडं थकवलेल्या भाडेकरूशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "काय हवंय ते सांग आणि घे. पण ह्याला सोड."

७

त्याला काय हवं होतं, ते माझ्या कधीच लक्षात यायला हवं होतं. रुंदी असलेलं, रेघ असलेलं, शेजाऱ्यांना सरकवणारं, पण आकार नसलेलं. आकार नाही म्हणून मावत नाही, म्हणून पसरतंय. आकार मिळाला तर जेवढ्यास तेवढं राहील. निदान माझ्या बुद्धीला त्या दिवशी हे पटलं. बुडत्याला काडीही ओंडक्याएवढी दिसते.

"दादा, ते दिसतं तुला?"

हो.

"कडेकडेनं नजर फिरवशील? मी बिंदू टिपते."

दोनदा पापणी. नाही. मी हात जोडले. वहिनी म्हणाली, "माझ्यासाठी." आणि मग, नाइलाजानं, त्यानं नजर उचलली.

कॅमेरा त्याची नजर पकडत होता, प्रोग्राम प्रत्येक थांब्यावर एक बिंदू ठेवत होता, माझ्या पडद्यावर रेषा उमटत होती. रेघेपासून खाली, बाहेर फुगत, मग आत. दादाचा हात असता तर असाच वळला असता, अशी ती जिवंत रेषा होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. भरदुपार होती. मी त्या आवाजाला धरून बसले होते.

अर्ध्यावर मला वाटलं, हे अक्षर आहे. कधी न पाहिलेलं, पण अक्षरच. आणखी थोडं झालं आणि वाटलं, नाही, कुणीतरी मान खाली घालून पाठमोरं उभं आहे. आणि मग माझी जीभ टाळूला लागली. मला ते वाचता येत होतं. त्याचा उच्चार माझ्या तोंडात तयार झाला होता, थुंकी जमावी तसा, आणि ओठ उघडले असते तर बाहेर पडला असता. मी तोंडावर हात दाबला.

शेवटच्या बिंदूशी दादा थांबला. रेषेची दोन टोकं एकमेकांजवळ होती, जुळली नव्हती. टोकं जुळल्याशिवाय आकार भरत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि पुढे जाईना.

टोकं मी जुळवली.

आकार काळा होऊ लागला. तो पडद्यावर भरताना मी बघितलं असतं तर काय दिसलं असतं, कुणास ठाऊक. मी डोळे मिटून घेतले. मिटता मिटता एकदाच, जेमतेम, असं वाटलं की पाठमोरं जे होतं ते वळतंय.

८

त्या आकारासकट फॉन्ट बांधून मी दादाच्या पडद्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी दादा पलंगाच्या बरोबर मध्ये होता. चादरीला सुरकुती नव्हती. श्वास संथ. मी खिडकीकडच्या बाजूनं सरळ चालत गेले, तिथे फक्त फरशी होती, उन्हानं तापलेली. मी चक्क त्या जागी उड्या मारल्या. वहिनी हसली. मास्तरला फोन करून मी सांगितलं की किडा मेला. त्यानं विचारलं, "कसा?" मी म्हटलं, "ते सोड रे."

दादा मात्र दिवसभर लिहीत नव्हता. वहिनी त्याला चिडवत होती, "काय रे, आता बोल की. काल गप्प मरायचं नाही म्हणत होतास." संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा त्यानं नजर पडद्यावर नेली. एक अक्षर, मग पापणी खाली, मग विश्रांती, मग दुसरं. मी टेबलाशी होते. वहिनी त्याच्या उशाशी उभी राहून अक्षर उमटेल तसं वाचत होती.

"मॅ… ने… जर. हो, बोला. वा… चू. वाचू न…"

ओळ सुबक होती, फट कुठेच नव्हती. ‘न’च्या शेजारी रेघेला कालचं ते अक्षर लटकलं होतं. दादानं ते निवडलेलं नव्हतं; त्याची नजर अजून ‘न’वरच होती.

मी ओरडले, "वहिनी, नको!"

तिनं वाचलं. अडखळलीसुद्धा नाही. लहानपणापासून रोज घेतलेलं नाव घ्यावं तसं सहज. मी ते ऐकलं, खोलीनं ऐकलं, आणि आज मला तो आवाज कसा होता ते काही केल्या आठवत नाही.

वहिनीनं मान वळवली. दादाकडे नाही. दाराकडे, जिथे कुणीच नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला, की लग्नानंतर मी तो तसा पाहिला नव्हता.

"आले, आले," ती लाजून म्हणाली, आणि केसांवरून हात फिरवत त्या बाजूला चालायला लागली.

मी तिचा हात धरला. तो माझ्या मुठीतून निसटला, कुणी हळूच सोडवून घ्यावा तसा. मी दादाकडे वळले. तो तिच्या पाठीकडे बघत होता. थकलेल्या, जड झालेल्या पापण्या तो सगळा जीव एकवटून मिटत होता. दोनदा. दोनदा. दोनदा.

वहिनी वळून बघत नव्हती.